साडूंच्या बसचं सानं

वारा कुठून येतो आणि कुठं जातो, हे साऱ्या खानदेशात एकाच माणसाला कळतं आणि तो माणूस म्हणजे आमचे थोरले साडू, असं खुद्द आमच्या थोरल्या साडूंचं ठाम मत आहे. वास्तविक त्यांचा जन्म गेला पाटबंधारे खात्यात. पण पाण्याचं नाव काढलं की ते मान उडवतात. पाणी साधं भोळं, उतार दिसला की निघालं. वारा मात्र लबाड, त्याच्याशी लबाडीनंच वागावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. कुणाच्याही घरी गेले तरी आधी समोरासमोरच्या खिडक्या उघडून पाहतात, मग पाण्याचा पेला हातात घेतात. लग्नाच्या मांडवात तीनदा जागा बदलतात, आणि वरपक्षाला वाटतं, पाहुणे रुसले. आमच्या घरी आले तेव्हा देवापुढची समई फडफडताना पाहून त्यांनी देवघर स्वयंपाकघराच्या दुसऱ्या भिंतीला हलवायला लावलं. तिथं समई शांत जळते, हे खरं, पण देवाला हात जोडायचे तर आता फ्रिजला टेकून उभं राहावं लागतं. मी कुरकुर केली तेव्हा त्यांनी मला त्यांचं आवडतं वाक्य ऐकवलं, "साडूभाऊ, काही बिघडेल नही शे. तुम्हले सवय नही शे." आमच्या बोलीत 'शे' म्हणजे आहे.

वारा शोधण्याचं त्यांचं हत्यार म्हणजे अगरबत्ती. खिडकीच्या फटीशी, दाराच्या चौकटीशी, पत्र्याच्या सांध्याशी ती पेटवून धरायची आणि धूर कुठं वळतो ते डोळे बारीक करून बघायचं. त्यांची ती बस (बसबद्दल आता सांगतोच) दारात उभी असताना एकदा ते सकाळी सकाळी अशी अगरबत्ती घेऊन बसभोवती हळूहळू फिरत होते. शेजारच्या काकू तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी ते पाहिलं, तांब्या खाली ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडून उभ्या राहिल्या. पाठोपाठ दूधवाला थांबला. साडू टपावरच्या झाकणापाशी पोचेस्तोवर चार-पाच माणसं भाविकपणे उभी होती आणि कुणीतरी हलकेच टाळ्याही धरल्या होत्या. साडूंना ह्याचा पत्ताच नव्हता. ते टपावरूनच ओरडले, "सापडनं! अठून घुसस तो!" काकूंनी घाबरून विचारलं, "कोन घुसस?" शेवटी आमच्या आक्कांनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली, तेव्हा मंडळी समाधानानं घरी गेली.

आक्का म्हणजे साडूंच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण. ह्या माणसाचा सगळा वारा, सगळी बस, सगळी खटपट त्यांच्यापाशी येऊन थांबते. आक्कांना दमा आहे, आणि त्या राहतात नंदुरबारात, मिरचीच्या गावात. दिवाळी सरली की गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळायला पडते आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं, कुणी लाल लुगडी वाळत घातलीत. आम्हा नंदुरबारकरांना त्या ठसक्याची लाज नाही, उलट अभिमान आहे. पण आक्कांना ते दिवस काढणं म्हणजे शिक्षा. उशाशी उशा रचून बसल्या बसल्या झोपायचं, आणि छातीतून रात्रभर शिट्टी. डॉक्टर म्हणाले, हे चार महिने गाव सोडा. मुलगी सुरतेला असते, तिनंही बोलावलं. आक्कांनी एका वाक्यात निकाल दिला, "आंडेरना घर चार दिन गोड, पाचवा दिन आपली चूल बरी." आंडेर म्हणजे लेक. साडूंनी आठवडाभर समजावलं, रुसून पाहिलं, आणि एके दिवशी शाळेची एक जुनी पिवळी मिनीबस दारात आणून उभी केली. म्हणाले, "तू घर सोडस नही ना? मंग घरच संगे लई जाऊ!"

बसमध्ये पलंग आला, ओटा आला, पाण्याची टाकी आली, एक लहानसं देवघरही आलं. रंग मात्र पिवळाच राहिला, त्यामुळे सकाळच्या वेळी बस कुठंही उभी केली की दप्तरं घेतलेली मुलं येऊन रांग लावत. ठरलं असं होतं की मिरचीच्या दिवसांत तोरणमाळला जाऊन राहायचं. हवा स्वच्छ, वर्दळ नाही, तलावाचा काठ. अडचण एकच होती. तोरणमाळची थंडी अशी की गवतावर दहिवर गोठतं, आणि थंडीनंही आक्कांचा दमा उसळतो. म्हणजे बस आतून ऊबदार हवी पण कोंदट नको, हवा खेळती हवी पण गार नको. आता आम्ही तापीकाठची माणसं. ऊन बाहेर कसं ठेवायचं हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही, कूलरला वाळा लावण्यात आमची हयात गेली. पण ऊब आत कशी ठेवायची, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला विचारायची वेळ आली नव्हती.

साडूंनी सुरुवात पंख्यापासून केली. आतली कोंदट हवा बाहेर फेकणारा पंखा त्यांनी मागच्या काचेत बसवला आणि त्याची परीक्षा घ्यायला मला गाडीत घालून थेट मिरचीच्या पथारीवर नेलं. त्यांचा विचार सरळ होता, इथं टिकला तो कुठंही टिकेल. खिडक्या लावल्या, पंखा सुरू केला. पण कूलर बसवण्याची सवय हाडात मुरलेली. त्यांनी पंखाही कूलरसारखा आत तोंड करूनच बसवला होता. पुढच्या क्षणी अख्खी पथारी गाडीत आली. माझा श्वास अडकला, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि दोघंही दारासाठी चाचपडत एकमेकांची नाकं धरू लागलो. बाहेर मिरची पसरणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. साडू मडगार्डला धरून खोकत होते, मिशांवरून पाणी ओघळत होतं, आणि तशातही मला म्हणाले, "देखा साडूभाऊ, पंखा कसा जोरमा चाली ऱ्हायना!"

तोरणमाळची पहिली खेप मात्र हसण्यासारखी नव्हती. निघण्यापूर्वी साडूंनी पंख्याच्या भोकासकट बसची एकूण एक फट बुजवली. पत्र्याच्या आत कापूस ठासून भरला. टपावरचं हवेचं झाकण, ऊब वर पळते म्हणून, डांबर ओतून कायमचं बंद करून टाकलं. वर पोचल्यावर पहाटे आक्कांच्या पांघरुणावर टपटप पाणी पडू लागलं. आभाळ कोरडं ठणठणीत, आणि छत गळतंय! साडूंनी टपावर चढून आणखी डांबर ओतलं, तर पाणी आणखी वाढलं. काचांवरून ओघळ, गादी ओली, कोपऱ्यात बुरशीचा वास. ओल घालवायला म्हणून साडूंनी कोळशाची शेगडी आत आणली. पाहता पाहता आक्कांचा श्वास असा कोंडला की ओठ निळे पडले. बंद खोलीत पेटते कोळसे म्हणजे यमाला आवतण, हे साडूंना माहीत नव्हतं असं नाही. पण बायको थंडीनं कुडकुडताना पाहून माणसाचं शहाणपण पळतं. त्यांनी शेगडी लाथेनं बाहेर उडवली, आक्कांना उचलून दारात आणलं आणि घाट उतरून थेट शहाद्याचा दवाखाना गाठला. तिथं श्वास मोकळा झाल्यावर आक्का पहिल्यांदा बोलल्या ते एवढंच, "मी त्या डबामा पाय ठेवाव नही. माले मरनंच शे ते मन्हा घरमा मरसू."

त्यानंतर कितीतरी दिवस बस दारात उभी होती आणि साडू तिच्याकडे पाहतसुद्धा नव्हते. कुणाच्या घरी गेले तर मुकाट्यानं दिलेल्या खुर्चीवर बसत. मला त्यांची खरोखर काळजी वाटू लागली. मिरची पडलेलीच होती, आक्कांची शिट्टी रस्त्यावर ऐकू येत होती, आणि ह्या माणसानं अगरबत्तीला हातही लावला नव्हता.

एका दुपारी मी गेलो तेव्हा आक्का घरापुढच्या ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. बसचं दार उघडं होतं. त्या बराच वेळ आत छताकडे पाहत राहिल्या आणि मग, जणू आजवर हे कुणाला कसं दिसलं नाही अशा रागानं, म्हणाल्या, "हिले सानं कठे शे?"

साडूंनी मान वर केली. आक्कांचं माहेर तापीकाठी, सारंगखेड्याच्या पलीकडे, धाब्याचं घर. धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. त्या छताला चुलीच्या वर एक भोक असतं, त्याला सानं म्हणतात. त्यातून उजेड येतो, धूर जातो, आणि पावसात वर पालथी पाटी ठेवली की काम भागतं.

"आम्हना घरमा चूल पेटे, धूर सानामातून जाये, आनि घर गरमच ऱ्हाये," आक्का म्हणाल्या. "पानी कोठून उनं म्हनतस? आपलाच श्वास व्हता तो. वर गया, वाट नही भेटनी, पानी व्हईसन आपलाच अंगवर पडना. तुम्ही सानंच बुजी टाकं. मंग घरनी दम कसा लेवाना?"

एवढं बोलून त्यांनाच धाप लागली. साडू उठले. आत जाऊन छिन्नी आणि हातोडी घेऊन आले आणि टपावर चढले. डांबर फोडण्याचा आवाज संध्याकाळपर्यंत येत होता.

सानं उघडलं. त्यावर पाटीसारखंच पत्र्याचं झाकण आलं आणि खाली दाराच्या उंबऱ्याशी हवा आत यायला जाळी. पंखा मोकळा करून त्याचं तोंड फिरवलं. राहिला प्रश्न उबेचा. तो साडूंनी माळ्यावरचा तांब्याचा बंब काढून सोडवला. आंघोळीच्या पाण्याचा तो बंब बसच्या मागे, बाहेरच्या बाजूला बसवला. त्यात लाकडं पेटवायची, आणि गरम पाणी नळीवाटे पलंगाखालून फिरून परत बंबात. विस्तव बाहेर, धूर बाहेर, ऊब आत. हे सगळं तपासायला एका लग्नाला जाताना आम्ही बस घेऊन अक्कलकुव्याला गेलो, आणि हायवेच्या कडेला बंब पेटवताच दोन ट्रक येऊन थांबले. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाले, "दोन कडक." साडूंना नाही म्हणवेना. त्यांनी ओट्यावर आधण ठेवलं, आले-गेले तेवढ्या सगळ्यांना चहा पाजला, आणि प्रत्येकाला आत बोलावून पलंगाखाली हात घालायला लावला. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा नवरा-नवरी पाया पडून घेत होते. अक्षता आम्ही त्यांच्या जेवणाच्या पानावर टाकल्या.

आक्का पुन्हा बसमध्ये पाय ठेवतील असं मला वाटलं नव्हतं. पण मागच्या हिवाळ्यात त्या निघाल्या. बायको म्हणते, त्या साडूंची दया येऊन निघाल्या. मला वाटतं, आपल्या माहेरचं सानं कामाला येतं की नाही, हे त्यांना पाहायचं होतं. सोबतीला आम्ही दोघंही गेलो आणि तलावाजवळ एक खोली घेतली. दमा काही बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी सांगून टाकलं आहे. मागायचं ते एवढंच होतं, की ह्या बाईला रात्री आडवं होऊन झोपता, आमच्या बोलीत 'जपता', यावं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बसकडे गेलो. तलावावर वाफ उठत होती. सान्याच्या झाकणाखालूनही बारीकशी वाफ बाहेर पडत होती, आणि काचा कोरड्या होत्या. साडू घोंगडी पांघरून बसच्या पायरीवर बसले होते. डोळे लाल. मी घाईनं विचारलं, "काय व्हयनं? पंखा बिघडना का?"

"काहीच बिघडनं नही," ते कुजबुजले. "ती आडी व्हईसन जपनी, आनि रातभर आवाजच उना नही. शिट्टी नही, खोकला नही. चाळीस वरीस तो आवाज ऐकीसन मी जपस, साडूभाऊ. आते घडीघडी उठीसन नाकपुढे हात धरी देखस. श्वास लागस हातले, तरी मन मानस नही."

उभ्या जन्मात वाऱ्याच्या मागे धावलेला हा माणूस, हाताला लागलेल्या त्या एवढ्याशा वाऱ्यावर विश्वास ठेवायला धजत नव्हता. मीही त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो. चहाचं भांडं वाजून आक्का जाग्या होतील, म्हणून त्यांनी चहासुद्धा ठेवला नव्हता.

ऊन पायरीपर्यंत आलं तेव्हा आतून बांगड्या वाजल्या आणि आक्का एकदाच, अगदी साधं, झोपेतून उठल्यावर कुणीही खोकतं तसं खोकल्या.

साडूंनी डोळे मिटले. "शे," ते म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले.