मुन्शीजींना खेळताना

मुन्शीजींची फिरकी कशी खेळावी याबद्दल त्या काळी आमच्या औरंगाबादेत ज्याच्या-त्याच्याकडे एक मत होतं, आणि ज्याचा-त्याचा त्रिफळा मुन्शीजींनीच उडवलेला होता. कुणी म्हणे, पुढं सरसावून हाणा. कुणी म्हणे, मागं राहा आणि नीट बघा. पानाच्या ठेल्यावर तर अशीही माणसं सल्ले देत ज्यांनी जन्मात बॅट धरली नव्हती. मला या सगळ्यांचा राग यायचा. अजूनही येतो. हल्ली टीव्हीवर कोट घालून बसलेले लोक 'पाय वापरा, पाय वापरा' म्हणायला लागले की मी आवाज बंद करतो. पाय वापरणं मला कुणी शिकवू नये. आमचं अख्खं शहर पायानंच खेळायचं.

ते कसं, तेही सांगतो. आमच्याकडच्या सामन्यांना बाहेरचे पंच मिळत नसत. ज्यांची फलंदाजी चालू, त्यांचेच दोन गडी कोट चढवून पंच म्हणून उभे राहत. आपला माणूस आपल्याच माणसाला पायचीत देईल कसा? दिला तर संध्याकाळी तोंड कुठं दाखवेल? त्यामुळे पायचीत हा प्रकार आमच्या मैदानांवरून जवळजवळ हद्दपार झाला होता. चेंडू वळणारा दिसला की फलंदाज बॅट मागं लपवायचा आणि पॅड लावलेला पाय खुशाल पुढं करायचा. पिढ्यान्पिढ्या हेच तंत्र म्हणून शिकवलं जात होतं. मुन्शीजी या शहरात येऊन राहिले, बिचारे. त्यांनी पायचीतचं अपील करणंच सोडून दिलं होतं. चेंडू पायावर आपटला की ते नुसते वळायचे आणि परत चालत आपल्या जागेवर जायचे.

मुन्शीजी हे त्यांचं नाव नव्हे. पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचा निजामाच्या राज्यातला सगळा जमिनींचा कागद उर्दूत होता, आणि तो मराठीत आणायचं काम एका कचेरीत त्यांच्याकडे होतं. म्हणून सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. घराणं जुन्या कारकुनी पेशातलं, ब्राह्मणाचं. शिक्षण मात्र हैदराबादेत, उर्दूतून. बोलणं निम्मं मराठी, निम्मं दखनी. तिशी ओलांडून चाळिशीकडे निघालेले, बारीक अंगाचे, लग्न न केलेले. लेगस्पिन टाकायचे. मी पुढं आयुष्यात पुष्कळ नामवंतांची फिरकी बघितली, तरी त्या काथ्याच्या मॅटिंगवर मुन्शीजी जे करायचे त्याला तोड नव्हती. हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

मी स्वतः देवगाव रंगारीचा. घरी शेती, भाऊबंद, बैल, कायम दहा माणसांचा कालवा. मॅट्रिक होऊन एका सरकारी कचेरीत चिकटलो आणि औरंगपुऱ्यात एका कापड दुकानाच्या वर खोली घेतली. गावाकडं माणसांचा वीट यायचा. इथं आलो आणि माणसाच्या आवाजाला महाग झालो. कचेरीत लोक फाईल विचारायचे, खानावळीत वाढपी 'भात?' एवढं विचारायचा, आणि रविवारी संध्याकाळी खानावळही बंद असायची. मग मी चणे घेऊन खिडकीत बसायचो आणि खालच्या गल्लीतल्या बंद दुकानांच्या फळ्या बघायचो. मला फार एकटं वाटायचं. तेव्हा असलं काही बोलून दाखवायची पद्धत नव्हती, म्हणून आत्ता सांगतोय.

एका रविवारी सकाळी असाच भटकत मैदानावर गेलो. मुन्शीजींच्या संघाचा सराव संपत आला होता. सगळ्यांनी आपापली फलंदाजी उरकली होती आणि मुन्शीजींच्या हातात चेंडू आला तसे एकेक जण सायकली काढायला लागले. सरावाला हसं करून घ्यायची कुणाला हौस असते? मैदानात मॅट, तीन यष्ट्या आणि मुन्शीजी एवढंच उरलं. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. कडेला मी एकटाच उभा होतो.

"खेळता का मियाँ थोडं?" त्यांनी विचारलं.

मी खेळलो. म्हणजे उभा राहिलो. गावाकडं मी बऱ्यापैकी बॅट चालवायचो, त्यामुळे अंगात मस्ती होती. ती पहिल्या काही चेंडूंत उतरली. मग मी शहराचं तंत्र काढलं आणि पाय पुढं टाकला. मुन्शीजी चालत माझ्यापर्यंत आले.

"पाय तर मला सगळेच देतात," ते म्हणाले. "तुम्ही बॅट द्या."

तिथून पुढं दर रविवार ठरून गेला. त्यांची शिकवायची एकच रीत होती. चेंडू टाकायचे आणि विचारायचे, "कोणता होता?" मी सांगायचं: बाहेर वळणारा लेगब्रेक, उलट आत येणारी गुगली, नाहीतर सरळ. बरोबर असेल तर 'हूं' म्हणायचे, चूक असेल तर काहीच म्हणायचे नाहीत. आठवडाभरात मला मनापासून कुणी काही विचारत असेल तर ते एवढंच. मी त्या 'हूं'साठी सोमवारपासून वाट बघायला लागलो.

मोठ्या फिरकी गोलंदाजाला कसं खेळावं हे मला जे कळलं ते तिथं कळलं. चेंडू जमिनीवर पडल्यावर बघू असं जो म्हणतो तो गेलाच. बघायचं ते त्याच्या हाताकडे. लेगब्रेकला मनगट आपल्याला आतून दिसतं. गुगलीला हाताची मागची बाजू आपल्याकडे होते. सरळ जाणारा या दोहोंच्या मधला, आणि सगळ्यात लबाड तोच, कारण त्याचं मनगट गुगलीच्या मनगटाहून जेमतेम वेगळं असतं. हात वाचला की पूर्ण पुढं तरी जायचं किंवा पूर्ण मागं तरी. अधांतरी राहिलात की संपलात. बॅट हलक्या हातानं धरायची आणि शेवटपर्यंत थांबायचं. आधीच ठरवून टाकणाऱ्याला मोठा गोलंदाज बरोबर ओळखतो. आणि एक गोष्ट, जी कुणीच सांगत नाही: चेंडू बॅटला लागला म्हणजे तो आपल्याला कळला असं नव्हे. दर चेंडूनंतर स्वतःला विचारायचं, कळला होता की नशिबानं लागला? याचं खरं उत्तर स्वतःला देणं फार अवघड जातं.

मुन्शीजी स्वतःबद्दल फारसं बोलायचे नाहीत. एकदा मात्र मॅट गुंडाळून झाल्यावर लिंबाखाली बसलो होतो तेव्हा म्हणाले, "हैदराबादेत एक दोस्त होता. माझ्याबरोबर शिकायचा. चेंडू हातातून सुटायच्या आत त्याला कळायचं मी काय टाकतोय. पायचीत असला तर अंपायरकडे बघायचा नाही, बॅट काखेत मारून चालायला लागायचा. पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि त्याच्या घरचे सगळे निघून गेले. तोही गेला."

मग तेच पुढं म्हणाले, "इथं मला विकेटी पुष्कळ मिळतात. पण आऊट झालेल्याला विचारा, कशावर गेलास, तर सांगता येत नाही. बंद खोलीत एकट्यानंच बोलत बसल्यासारखं वाटतं, बघा."

बंद खोलीत बसणं म्हणजे काय ते मला चांगलंच ठाऊक होतं. मी त्या दिवशी मनाशी ठरवलं की या माणसाला वाचणारा या शहरात एक तरी असेल आणि तो मी असेन. मला जिल्ह्याच्या संघात जायचं नव्हतं, कुणाच्या टाळ्या नको होत्या. मला मुन्शीजींनी त्या हैदराबादच्या दोस्ताच्या जागी बसवावं एवढंच हवं होतं. हिवाळ्याच्या तोंडाला त्यांचं 'हूं' बरंच वाढलं आणि मला वाटायला लागलं की ती जागा आता जवळ आली.

दिवाळीनंतर कचेऱ्या-कचेऱ्यांचे सामने सुरू झाले आणि आमची गाठ मुन्शीजींच्या कचेरीशी पडली. आमचा कप्तान म्हणजे आमचे हेड अकाउंटंट, कन्नड तालुक्यातला गडी, मनानं मोकळा पण जिंकण्याच्या बाबतीत खुळा. सामन्याआधी त्यानं मला बाजूला घेतलं.

"हे बघ, मुन्शीला बॅट लावायच्या भानगडीत पडू नको. पाय घाल अन् उभा ऱ्हा. अंपायर आपलाच हाय."

"मी बॅटनंच खेळणार," मी म्हणालो.

"लई शहाणा झालास व्हय?" तो म्हणाला, पण हसत म्हणाला.

आमचे पुढचे गडी पटापट गेले आणि मी मैदानात उतरलो. मुन्शीजींनी माझ्याकडं बघून मान किंचित हलवली. मी पाय बाजूला ठेवून खेळायला लागलो. लेगब्रेक ओळखले आणि सोडून दिले. गुगली ओळखली आणि मिडविकेटकडे ढकलून धाव काढली. एकदा त्यांनी उंच फसवा लेगब्रेक टाकला, तो मी अगदी उशिरा, पायाशी मारून टाकला, आणि मुन्शीजी हसले. सामन्यात त्यांना हसताना कुणी बघितलं नव्हतं. कडेला बसलेल्यांची बडबड थांबली. दोन माणसांचं काहीतरी चाललंय आणि ते आपल्याला ऐकू येत नाही, हे त्यांनाही कळलं असावं. माझ्या आयुष्यात मी इतका आनंदात क्वचितच होतो.

आणि मग तो चेंडू आला. मधल्या यष्टीच्या रेषेत, थोडा जोरात. सरळ, मी मनात म्हणालो, आणि पूर्ण पुढं गेलो. बॅट यायला केसभर उशीर झाला. चेंडू टप्पा पडताक्षणी माझ्या पुढच्या पॅडवर बसला, तीन यष्ट्यांच्या बरोबर समोर. यष्टिरक्षक ओरडला, पण तो सवयीनं. पंच म्हणून आमचाच डिस्पॅच क्लार्क उभा होता. तो आभाळाकडं बघत होता. मुन्शीजींनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ते नुसते माझ्याकडं बघत राहिले.

त्या बघण्याचा अर्थ मला लख्ख कळला असं मला वाटलं. मी बॅट काखेत मारली आणि चालायला लागलो.

मैदानात एकच गोंधळ उडाला. आमचा पंच मागून "ओ, मी दिलेलं नाय, ओ" म्हणत राहिला. मी मागं वळून बघितलं तर मुन्शीजींनी एक हात वर केला होता. मला वाटलं, सलाम करतायत. मीही हात वर केला आणि तसाच पुढं गेलो. त्यांचा कप्तान खूष होता, त्यानं मला परत बोलावायचं कारण नव्हतं. आमचा कप्तान सीमारेषेवर आडवा आला.

"आरं, कुणी औट दिलं तुला?"

"मी आऊट होतो."

"त्ये ठरवायला अंपायर ठिवलाय ना आपण?"

मी त्याला वळसा घालून गेलो. आम्ही हरलो, थोडक्यात हरलो. सामना संपल्यावर आमच्यातल्या कुणीही मला चहाला हाक मारली नाही, आणि ते पुढं कितीतरी दिवस तसंच चाललं. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याची पर्वा नव्हती. मी मुन्शीजींकडे निघालो होतो.

ते एका बाजूला बसून बुटांचे बंद सोडत होते. मी शेजारी बसलो. ते काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघितली. त्यांनी एक बूट काढला, त्यातली माती झटकली आणि मग वर बघितलं.

"काइकू चले गए, मियाँ?"

"सरळ होता," मी म्हणालो. "मधली यष्टी घेतली असती त्यानं."

त्यांनी रिकामा बूट पुन्हा एकदा झटकला. त्यांना ते सांगायचं नव्हतं, हे मला आज कळतं. पण खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

"गुगली होती ती," ते हळूच म्हणाले. "लेगस्टंपाच्या बाहेरून गेली असती, हातभर. म्हणून तर मी बोललो नाही. हात करून थांबवत होतो तुम्हाला."

मी खाली मॅटकडं बघत बसलो. गडी तिचे खिळे उपटत होते. उठून जावं एवढंही सुचत नव्हतं.

"मला वाटलं, तुम्हाला कळायला लागलं," मुन्शीजी म्हणाले. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी दुसरा बूट काढला, दोन्ही बूट पिशवीत घातले आणि मला म्हणाले, "रविवारी या."

मी गेलो. जाऊ नये असं फार वाटत होतं, पण रविवारी दुसरीकडं जायला जागा नव्हती. मॅट अंथरलेली होती, बाकीचे निघून गेले होते. मी पॅड बांधून उभा राहिलो. मुन्शीजी आपल्या जागेवर गेले, चेंडू बोटांत फिरवला आणि धाव घ्यायच्या आधी, लहान मुलाला सांगावं तशा प्रेमळ आवाजात तिकडून म्हणाले, "लेगब्रेक."

आणि लेगब्रेक टाकला. मग म्हणाले, "आता गुगली," आणि गुगली टाकली. मग सरळ. दर चेंडू ते असे आधी सांगून टाकत राहिले. 'कोणता होता?' हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही. ऊन वर आलं तरी आम्ही खेळत होतो. त्या सकाळी माझा एकही चेंडू चुकला नाही.