पलंगाशेजारचं सॉकेट

गाडीमागे ओढत न्यायची जुनी कॅरव्हॅन आमच्या साउथहॅम्प्टनच्या घरासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा ह्यांनी तिला घरातून वीज जोडली, आतले दिवे लावून दाखवले, किटलीत चहाचं पाणी उकळलं आणि सगळं ठीक असल्याचं जाहीर केलं. मी म्हटलं, वायरिंग तपासून सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय मी आत झोपणार नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला, हे ह्यांचं उत्तर.

आत झोपायचं म्हणजे माझं मशीन आत लावायचं. दोन वर्षं मी रोज रात्री पोटाचं डायलिसिस करते आहे आणि त्या दोन वर्षांत एकही रात्र घराबाहेर काढलेली नाही. मला स्कॉटलंडचा समुद्र बघायचा होता आणि मी तो बघणारच होते. पण माझी सगळी नोकरी इथल्या हॉस्पिटलात भूल देण्यात गेली. मशीन तपासल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही. आता पेशंट मीच आहे, म्हणून नियम थोडाच बदलतो?

मिल्टन कीन्सला राहणाऱ्या मैत्रिणीच्या मुलीला मी फोन केला. तिची भावंडं आयटीत, ही मात्र इलेक्ट्रिशियन झाली. जन्म इथलाच. मराठी आवडीने बोलते, पण कुठला शब्द 'तो' आणि कुठला 'ती' याचा तिला पत्ता नसतो. 'माझा गाडी' म्हणाली, की 'माझी' म्हणून टोकल्याशिवाय ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

ती शनिवारी सकाळी आली. आधी तिने वीज तोडली, मग एकेका सॉकेटला मीटर लावत गेली. हे हाताची घडी घालून दारात उभे होते. बऱ्याच वेळाने आतून तिचा आवाज आला.

"काका, बेडच्या सॉकेटला अर्थ नाही आहे. काहीच अर्थ नाही."

हे तिला टोकतील असं मला वाटलं. ते खाली उतरले आणि जमिनीवरची वायर गुंडाळायला लागले.

"ऐकलंस? ती पण म्हणते, काही अर्थ नाही. जाऊ दे. विकून टाकू. आपलं घर बरं."

वायरचा गुंता होत होता, तरी ते गुंडाळतच होते. इतके दिवस मला त्यांचा राग येत होता, तो तिथेच ओसरला. हा माणूस माझ्याहून जास्त घाबरला होता आणि ते लपवायला दिवे लावून दाखवत होता.

"अहो, अर्थ म्हणजे अर्थिंग," मी म्हटलं. "ठेवा ती वायर खाली."

ते सॉकेट आधीच्या मालकाने घरीच बसवलं होतं आणि त्यात अर्थिंगची हिरवी-पिवळी तार घातलीच नव्हती. अर्थिंग नसलं तरी दिवे लागतात, किटली उकळते. मशीनमध्ये बिघाड झाला असता, तर शॉक मला बसला असता. खालच्या सांगाड्याला जोडलेली तारही गंजून तुटली होती. मी दोन्ही आजच दुरुस्त करायला सांगितलं. ती कॅरव्हॅनखाली आडवी झाली, गंज घासला, नवी तार ओढली. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून मोजलं. शेवटी वीज चालू करून, करंट गळला तर ती आपोआप तुटते का, तेही पाहिलं. खटकन तुटली.

सर्टिफिकेटवर ती 'सॅटिस्फॅक्टरी' लिहायला बसली, तेव्हा ह्यांनी तिला थांबवलं आणि पलंगाशेजारचं सॉकेट आणखी एकदा बघायला लावलं. तिने निमूटपणे वीज तोडून पुन्हा मीटर लावला.

"काका, अर्थ आली."

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. 'आला' म्हण, हे आता येणार होतं.

"आली ना? नक्की?" हे म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "मग कधी निघायचं?"