निळ्या पाण्याची बाटली

भाषावार राज्यं होत होती आणि आमचा तालुका मुंबईकडं जाणार की भोपाळकडं, हे ठरायचं होतं, त्या वर्षीची गोष्ट. मी सौंसरला मास्तर होतो. शाळेमागच्या तळ्यावर रोज एक परका माणूस यायचा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरायचा, बोटावर शेवाळ घेऊन अत्तरासारखं हुंगायचा आणि वहीत काहीतरी लिहायचा.

वही दिसताच शेजारच्या बागवाल्या काकांना वाटलं, हाच सीमा ठरवणारा साहेब! त्यांनी टोपलीभर संत्री त्याच्यापुढं ठेवली.

"साहेब, आमी पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलून राहिलो. तेवढं लिहून घ्या."

तो खो खो हसला. "काका, मी शेवाळाचे प्रकार ओळखतो. वरून सगळं हिरवंच दिसतं. वाळवून पाण्यात भिजवलं, की आतला रंग सुटतो."

त्यानं पिशवीतून बाटली काढून उन्हासमोर धरली. पाणी शाईसारखं निळं होतं. मग ऊन पाठीशी घेऊन तीच बाटली दाखवली, तर पाण्यावर लाल झाक!

काका चिडलेच. "मंग वहीत काय लिहिता? निळं का लाल?"

"दोन्ही," तो संत्रं सोलत म्हणाला. "आपण कुठून पाहतो, त्यावर आहे. पाणी तेच."

तो पुन्हा दिसला नाही. पुढं निकाल लागला आणि आम्ही भोपाळकडं गेलो. मी तोंड पाडून काकांच्या बागेत गेलो, तर ते मजेत संत्री तोडत होते.

"काका, ऐकलं का?"

"ऐकलं ना. बाटली फिरवली सरकारनं, मास्तर. घ्या, संत्रं खा."