बंबाचा दिवस

आमच्या घरात हिवाळा एकाच दिवशी साजरा व्हायचा. त्या दिवसाला नाव नव्हतं. लहानपणी मी त्याला बंबाचा दिवस म्हणायचे, आणि पुढे तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं.

दिवाळी आम्ही करत नव्हतो. संक्रांतही नाही. ज्या सणाला निम्म्या गावाला उंबऱ्याबाहेर उभं करावं लागतं तो आपला सण नव्हे, असं बाबाचं मत होतं, आणि बाबाचं मत झालं की त्याचं पत्रक निघायचंच. तो कोपरगावातल्या एका लहान छापखान्यात कामाला होता. दिवसभर लग्नपत्रिका छापायचा आणि संध्याकाळी मालकाच्या परवानगीने चळवळीची पत्रकं. आमचं घराणं पिढीजात भिक्षुकीचं. बाबाने जानवं काढलं तेव्हा आजोबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्यावरही पत्रक निघालं होतं. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. मला लिहिता आलेलं पहिलं जोडाक्षर ‘हक्क’मधलं होतं.

आई शाळेत शिकवायची. तिला दिवाळीची एकच आठवण सुटत नव्हती, पहाटेच्या न्हाण्याची.

“देव नको, फटाके नकोत,” ती म्हणायची. “पण कडकडीत पाणी हवं.”

“मग घे की. कोण अडवतंय?” बाबा विचारायचा.

“एकटीने घेतलं तर ते नुसतं न्हाणं झालं. त्याचा सण होत नाही रे.”

आमचं घर गावाच्या कडेला. गल्ली संपली की उसाचे मळे. कारखान्यांची धुराडी पेटली की मागच्या मोकळ्या रानात ऊसतोडीची टोळी उतरायची. पाथर्डीकडची माणसं, तिसगावच्या पलीकडची. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या एका दिवसात उभ्या राहायच्या. बायका पहाटे अंधारात चार काठ्यांना जुनं लुगडं बांधून त्याच्या आड आंघोळ उरकायच्या, नेसत्या लुगड्यानिशी, रात्री भरून ठेवलेल्या गार पाण्याने. मग फडात, ऊस तोडायला. आईला आमच्या मागच्या दारातून ते लुगडं दिसायचं.

असा तो सण सुरू झाला. थंडी ऐन कडाक्यावर आली की आदल्या दिवशी आई तांब्याचा बंब चिंचेने घासायची. एवढाच काय तो विधी. संध्याकाळी ती कोप्यांकडे एकटी जायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा वर्षभराची उरलेली पत्रकं चुरगाळून बंबात घालायचा, वर बाभळीच्या ढलप्या. “वाचलं नाही तर नाही, पाणी तरी तापू द्या,” हा त्याचा दरवर्षीचा विनोद. मग बायका यायच्या, दोघी-तिघी करत. बाबा तोवर घराबाहेर निघून गेलेला असायचा. मी न्हाणीघराच्या दाराशी राखण करायचे आणि बंबात वरून गार पाणी ओतत राहायचे.

आत काय चाललंय ते कानावर यायचं. गरम पाणी चिरलेल्या हातांना झोंबलं की शिव्या, मग हसणं. एक जण ओरडायची, “अगं, वळखायचा न्हाई आज धनी मला!” दुसरी म्हणायची, “बरंच हाय की, तेवढीच एक रात सुटका!” आई बाहेरून दटावायची, “पोर आहे दाराशी!” आणि स्वतःच हसायची. न्हाऊन बाहेर आल्या की ती त्यांच्या हातांना तिळाचं तेल लावायची. भाषण नाही, फोटो नाही. म्हातारी होऊ लागलेल्या एका बाईने, जी दरवर्षी त्याच टोळीतून यायची, मला एकदा सांगितलं होतं, “पान्याचं काय एवढं न्हाई गं बाय. तुमच्या दाराला कडी हाय ना, त्याचं लई सुख वाटतं.” मी तेव्हा चौथीत असेन. मला वाटलं, ती कडीच्या पितळेचं कौतुक करतेय.

आई मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात गेली. तो हिवाळा आम्ही दोघांनी कसाबसा काढला. बंब कोपऱ्यात हिरवा पडत गेला. शेजारी सगळ्यांच्या गच्चीवर सोलर आहे, बंब कुणाकडेच उरलेला नाही. भंगारवाला दोनदा विचारून गेला.

यंदा टोळी उतरली तेव्हा ती बाई मला रस्त्यात भेटली. दात गेलेले, बाकी तशीच. आईचं तिला कळलं होतं. तिने माझा हात धरला. मग हळूच म्हणाली, “सून बाळात झाली. गावाकडं ठिवायला कुनी न्हाई म्हनून संग आनली. औंदा बाईंचं पानी हाय का?”

“आहे,” मी म्हणाले.

“मग बरं झालं. तिला एकदा नीट न्हाऊ घातलं पायजे. लई गारठलीय पोर.”

मी घरी येऊन बाबाला सांगितलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काही हललं. तो उठला, चष्मा पुसला आणि म्हणाला, “पत्रक काढू.”

मला ते इतकं पटलं की आम्ही चहा करायचंही विसरलो. का नाही पटणार? आई वर्षातून एक दिवस पाणी तापवायची, पण वर्षातून एक दिवस का? कारखाना यांच्या अंगमेहनतीवर चालतो, तर यांना न्हाणीघर का नाही, संडास का नाही, बाळंतिणीला चार भिंती का नाहीत? मीच लिहिलं. मथळा दिला, ‘आंघोळ हा हक्क आहे!’ खाली मागण्या. टोळी आणणाऱ्या मुकादमांनाही दोन शब्द सुनावले. आणि तळाशी चौकटीत जाड अक्षरात, की ऊसतोड भगिनींसाठी अमुक दिवशी पहाटे आमच्या घरी गरम पाण्याची सोय आहे, बाळंतिणींना प्राधान्य. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आजही मला त्यातलं एकही वाक्य खोडता येत नाही.

बाबाने प्रुफं तपासली. “तिला आवडलं असतं,” तो म्हणाला.

आम्ही कोप्यांवर गेलो, पण पत्रकं वाटायला. बायका फडातून यायच्या होत्या. हाताला लागले ते लवकर परतलेले पुरुष, आणि पानटपरीवरची पोरं. सगळ्यांनी घेतलं. कुणी उलट बोललं नाही. आम्ही खूश होऊन परतलो. वाटेत बाबाने जुन्या मोर्चातली एक घोषणा गुणगुणली.

आदल्या दिवशी मी बंब घासला. बोटं चिंचेने आंबली. पहाटे धुकं इतकं होतं की मळा दिसत नव्हता, नुसता मळीचा वास येत होता. बाबाने बंब पेटवला आणि ठरल्याप्रमाणे बाहेर निघून गेला. मी तेलाची वाटी कोमट करून ठेवली. दारातला दिवा लावला. पाणी तापलं. उकळायला लागलं. मी थोडं काढून गार ओतलं. ते पुन्हा तापलं. रस्त्यावरून पहिला ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला. मग उजाडलं.

कुणीही आलं नाही.

बाबा परत आला तेव्हा मी पायरीवर बसले होते. त्याने न्हाणीघरात डोकावून पाहिलं. फरशी कोरडी होती. मी दोन बादल्या भरल्या, वर झाकणं ठेवली आणि रान तुडवत कोप्यांकडे निघाले. माझ्या डोक्यात तेव्हाही राग होता, मुकादमावर. त्याने अडवलं असणार. मी त्याला काय सुनावायचं ते जुळवत होते.

मुकादम तिथे नव्हताच. टोळी फडात गेलेली. कोपीच्या तोंडाशी ती म्हातारी बसली होती, आत अंधारात सून, मांडीवर तान्हं.

“अडवलं ना तुम्हाला त्याने?”

“न्हाई गं. कुनी अडीवलं न्हाई.”

“मग?”

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. “कागदावर कशापायी छापलंस, बाय? त्या कागदाचा फोटू मोबाईलवर समद्या टोळ्यांत गेला. गावाकडं पन गेला. पोरं वाचून दावत्यात एकमेकाला. पैला नंबर कुनाचा, म्हनत्यात. माझ्या लेकाला इचारलं एकानं, तुझी बायकू किती वाजता जानार. त्यानं मारामारी केली. आता कोन बाई यील? अंग धुयाला चालली, म्हनून समदा रस्ता बघनार.”

मी काहीतरी बोलले. लाज त्यांना वाटायला हवी, तुम्हाला नाही, असंच काहीतरी. ते खरंही आहे. ती ऐकून घेत होती, जसं पत्रक हातात घेतात तसं.

“आईही बोलवायचीच की,” मी शेवटी म्हणाले. “ती काय सांगायची तुम्हाला?”

“काय सांगनार? यायची, टेकायची. काळा च्या प्यायची आमच्यासंगं. मुंबईला कुनाचा लेक गेला, कुनाची म्हस व्याली, इचारायची. आन् उठताना म्हनायची, ‘पाहुणे येणार होते, ते आले नाहीत. उद्या पाणी जास्तीचं तापणार आहे, वाया जाईल. दोघी-तिघी येऊन संपवा बाई.’ दरसाल तेच. आमाला ठावं हुतं, पावनंबिवनं काय न्हाई. तिलाबी ठावं हुतं की आमाला ठावं हाय.” ती जराशी हसली. “तिचं पानी संपवाया आमी यायचो.”

आमच्या घरात खोटं बोलणं हा एकमेव गुन्हा होता. आई तो दरवर्षी करून, अंधार पडायच्या आत घरी यायची.

मी बादल्यांवरची झाकणं काढली. वाफ आता जेमतेम होती. “हिला तरी न्हाऊ घाला. मी लुगडं धरते.”

म्हातारीने बाहेर नजर टाकली. समोरच्या बांधावर दोन पोरं मोबाईल घेऊन बसली होती, मघापासून आमच्याकडेच बघत. सुनेने मान हलवली. नको. एवढंच तिचं माझ्याशी बोलणं.

“बाळाला घालते,” म्हातारी म्हणाली. “त्याला कसली आलीय लाज.”

तिने पाय लांब करून तान्ह्याला पायांवर घेतलं आणि माझ्या बादलीतलं कोमट पाणी तांब्या-तांब्याने त्याच्या अंगावर सोडलं. ते किंचाळून रडलं, मग गप्प झालं. सून आतून बघत राहिली. तिच्या केसांत अजून बाळंतपणाचा गुंता तसाच होता. दुसरी बादली तशीच राहिली. मी ती परत नेली, कारण तिथे ओतली असती तर कोपीत चिखल झाला असता.

आठवडा संपायच्या आत तो फड उरकला आणि टोळी पुढे गेली. रानात ताडपत्रीचे तुकडे आणि चुलींचे काळे दगड राहिले. चार काठ्यांपैकी एक अजून उभी आहे.

त्या दिवशी मी घरी आले तर बंबात पाणी तापतच होतं. मी बाबाला सगळं सांगितलं, आईचं वाक्यसुद्धा. तो बंबापाशी येऊन बसला. उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा शेजारीच पडला होता, पण त्याने तो आत घातला नाही, फाडलाही नाही.

“ते न आलेले पाहुणे कोण, हे तिने कधी ठरवलं असेल का?” त्याने विचारलं.

मी बंबाची तोटी उघडली आणि सगळं पाणी मोरीत जाऊ दिलं. ते जाईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो. न्हाणीघर वाफेने भरून गेलं. आंघोळ आम्ही दोघांनीही केली नाही.