बारा क्लॅरिनेटांची पोच

ओआहाकाच्या डोंगरातल्या सान लुकास गावात बँडचे स्वरलिपीचे कागद एकतीस वर्षं दोन्या ब्रिहिदाच्या हातचे. क्लॅरिनेटवाल्याने 'दो' हा स्वर फुंकला की कानाला येतो चर्चच्या ऑर्गनचा 'सी बेमोल', म्हणजे कोमल 'सी', पुरता एक स्वर खाली. वाद्याची घडणच तशी. म्हणून ऑर्गनला 'दो' असेल तिथे ती क्लॅरिनेटला 'रे' लिही, आल्टो सॅक्सोफोनला 'ला'. कागदावर तिघे तीन वाटांना, कानात एक. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. शेंबड्या पोराला राजधानीत नोकरी मिळत नाही, हा भाग वेगळा.

ती मिळालेले आर्रिआगा साहेब दफ्तर तपासायला आले. त्यांनी ऑर्गनचा कागद क्लॅरिनेटच्या कागदाशेजारी ठेवला आणि लाल पेन काढलं.

"बाई, इथे 'दो' आहे. तुम्ही 'रे' लिहिलंय."

"लिहिणारच. क्लॅरिनेट आहे ते."

"दो म्हणजे दो. नियम सगळ्यांना सारखा."

"नियमाला कधी फुंकून बघितलंत?"

चारशे अकरा चुका निघाल्या. प्रत्येक पानाच्या तळाशी ब्रिहिदाची सही होती. आता तिच्या डोक्यावर लाल रेघा.

"वाजवा रे," ती वादकांना म्हणाली. "साहेबांनी लिहिलंय तस्संच."

त्यांनी वाजवलं. चौकातली कुत्री उठून गेली. साहेब मात्र शेवटपर्यंत बसले आणि अहवालात लिहिते झाले : 'लिखाण दुरुस्त केले. वाद्ये सदोष आढळली. बारा नवी क्लॅरिनेट द्यावीत.'

गाव खूश. सरपंच फिदेन्सिओ तिच्या मुलीचा धर्मपिता, त्या नात्याने ती त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोम्पाद्रे; तो समजूत घालायला आला.

"कोमाद्रे, तुझ्या चुकांनी गावाचं भलं झालं बघ."

"कुठल्या चुका? एक दाखव."

"अगं, नाहीतच. पण कागदावर आहेत, तर असू देत की!"

"सही माझी आहे, कोम्पाद्रे. तुझी नाही."

चार महिन्यांनी खोकी आली. पोच दफ्तर सांभाळणारीने द्यायची होती. ब्रिहिदा ऑर्गनपाशी बसली आणि वादकांना एकेका क्लॅरिनेटवर 'दो' फुंकायला लावला. बाराही वेळा तिचं बोट 'सी बेमोल'वरच पडलं. मग तिने पोच लिहिली :

'बारा क्लॅरिनेट मिळाली. जुन्यांत आढळलेला दोष बाराही नगांत जसाच्या तसा आहे. बनवणाऱ्यास कळवावे.'

"परत नेतील गं!" फिदेन्सिओ कळवळला.

"नेऊ देत." तिने खाली सही ठोकली आणि साहेब विसरून गेलेलं लाल पेन त्याच्यापुढे सरकवलं. "चूक असेल तर काढ."