तात्यांचं शेवटचं गाऱ्हाणं

तात्यांनी गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं, की आता आपली गरज नाही म्हणून देवळात लाउडस्पीकर लावणाऱ्याचा चेहरा पडायचा. माझे हे धाकटे चुलते घरात तसे अबोल. पण जत्रेला नारळ हातात धरून देवापुढे उभे राहिले, की मुंबईकरांच्या नोकऱ्यांपासून काजूच्या मोहोरापर्यंत सगळ्यांसाठी मागायचे. प्रत्येक मागण्यामागे अख्खा गाव ‘व्हय म्हाराजा!’ म्हणून होकार द्यायचा. तात्या गेले, आणि तसा गळा गावाला पुन्हा मिळाला नाही.

त्याच तोंडात दिवसभर तंबाखू असायची. मी काही बोललो तर म्हणायचे, “देवाक चलता, तुका काय झाला रे?” गालाच्या आत जखम झाली, ती भरेना. गोव्याच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. गाल, जबड्याचा तुकडा आणि जिभेची कड काढली, आणि तिथे छातीचं मांस कातडीसकट वर फिरवून बसवलं. डॉक्टर त्याला फ्लॅप म्हणत, तात्या ठिगळ. बोलता येऊ लागल्यावर त्यांनी पहिलं विचारलं ते काकीला, “जत्रेक गाऱ्हाणा घालूक जमतला मां?”

पुढे त्या ठिगळावर छातीचे केस उगवले. काकी ते बारक्या कात्रीने कापायची. “आता माजा बोलणा थेट छातीतसून येता,” म्हणून तात्या हसायचे, आणि हसताना गळणारी लाळ ती पदराने टिपायची. त्यांचा हा विनोदही आम्हाला तिनेच सांगायचा, कारण त्यांचं बोलणं तिच्याशिवाय कुणालाच कळत नसे. मला ते बघवायचं नाही. तात्या मात्र रोज मागीलदारी माडांपुढे उभे राहून गाऱ्हाणं घोकायचे. बाकी सगळं बोबडं यायचं, पण ‘म्हाराजा’ एवढा शब्द स्वच्छ येऊ लागला.

जत्रेच्या तोंडावर मानेत गाठ आली. पुन्हा कापण्यात अर्थ नाही, असं डॉक्टर म्हणाले.

तरी तात्या नारळ घेऊन उभे राहिलेच. काय मागतायत ते कुणाला कळत नव्हतं, पण ‘म्हाराजा’ ऐकू आलं की आम्ही जीव तोडून ओरडत होतो. शेवटच्या मागण्याला त्यांचा आवाज चढला, तसं आम्ही देऊळ दणाणून सोडलं. तात्या पुन्हा बोलले, याचाच आनंद! काकी तेवढी खांबाला टेकून गप्प होती.

घरी येताना मी विचारलं, “काकी, तू कित्याक गप रवलंस?”

“शेवटाक हेंनी काय मागल्यानी, समाजला तुका?” ती म्हणाली. “‘भोग पुरे झाले, माका आता घेवन जा रे म्हाराजा.’ आणि तुमी सगळे आराडलास, व्हय म्हाराजा.”