नेवेकाकूंची काचेची खोली

"काचेचं छत मी करणार नाही," मी म्हटलं.

नेवेकाकांनी मोबाइल पुन्हा माझ्यापुढे धरला. त्यांच्या मुलानं इंग्लंडातल्या आपल्या घरामागच्या खोलीचा फोटो पाठवला होता. भिंती काचेच्या, छतही काचेचं. तिकडे तिला कन्झर्व्हेटरी म्हणतात. बाहेर थंडी असताना आत बसून ऊन खायचं, एवढंच तिचं काम.

"हेच हवंय. मागच्या अंगणात, पश्चिमेला."

मी झाशीत आर्किटेक्ट आहे. काका रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे भुसावळचे. काकूंना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. तेव्हापासून त्या मधल्या खोलीत, ट्यूबलाइटच्या उजेडात. त्यांना ऊन मिळावं म्हणून काका हट्टाला पेटले होते.

"काका, मे महिना चालू आहे. इथलं ऊन मी तुम्हाला सांगायला पाहिजे का?"

"एसी लावू."

"लाइट गेली की?"

"तू नाही केलंस तर दुसरा कुणी करेल."

करणारे होते. म्हणूनच मी उठले नाही.

त्यांची गाडी दुपारपासून रस्त्यावर उन्हात उभी होती. म्हटलं, "काचा बंद करून जरा आत बसा." काका चिडले, पण बसले. मी दाराशीच उभी राहिले. थोड्याच वेळात ते स्वतःच दार ढकलून बाहेर आले. शर्ट अंगाला चिकटला होता.

"काकूंना असं दार उघडून बाहेर येता येणार नाही," मी म्हटलं.

त्यांनी नळावर तोंड धुतलं. ते पुसत विचारलं, "म्हणजे तिला ऊन नकोच?"

"हवं. पण थंडीतलं."

मग समजावून सांगितलं. उन्हाळ्यात दुपारचा सूर्य आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर असतो, हिवाळ्यात दक्षिणेला कललेला. दक्षिणेच्या काचेवर पुरेसा छज्जा काढला, की उन्हाळ्यात काच सावलीत राहते आणि थंडीत ऊन थेट आत येतं. पश्चिमेचं ऊन आडवं असतं, ते छज्ज्याला जुमानत नाही. म्हणून छत पक्कं, काच फक्त दक्षिणेला.

"दक्षिणेला पोर्च आहे. गाडी कुठे ठेवू?"

"रस्त्यावर."

"माकडं वायपर मोडतात." त्यांनी मधल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "मोडू देत."

पोर्च बंद करून खोली करायची म्हणजे नकाशाला नवी परवानगी. त्यात पावसाळा गेला. मी दर आठवड्याला विकास प्राधिकरणाच्या ऑफिसात जाऊन बसत होते. शेवटी तिथला बाबू मला पाहूनच फाइल काढायला लागला.

परवानगी आली तेव्हा नकाशा काकूंना दाखवला. त्या सावकाश, तुटक बोलत. डाव्या हाताचं बोट नकाशातल्या काचेवर ठेवून म्हणाल्या, "हे... कोण उघडणार?"

"काका आहेत ना. बाई आहे."

"मी."

काका म्हणाले, "अगं, तुला कशाला त्रास?"

"मीच."

सगळ्या खिडक्यांच्या कड्या मी उभ्या माणसाच्या हिशेबानं, उजव्या बाजूला दाखवल्या होत्या. नकाशा बदलला. खाली चाकं असलेली, डावीकडून सरकणारी खिडकी ठरली. ठेकेदारानं मात्र नेहमीच्या उंचीवर कडी बसवली. "मैडम जी, एकदम मक्खन चलती है," तो उभ्या उभ्या खिडकी सरकवत म्हणाला. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि उजवा हात मांडीखाली घ्यायला सांगितलं. त्याचा हात कडीपर्यंत पोचेना. "ये तो खोलनी पड़ेगी," तो पुटपुटला. चौकट उतरली, कडी खाली आली. काकूंनी खिडकी सरकवून बघितली आणि मान हलवली. मगच मी काम पास केलं.

डिसेंबरात गेले तेव्हा काकू उन्हात बसल्या होत्या. पायांवर शाल, खिडकी अर्धी उघडी. बाहेर मटारवाल्याची गाडी थांबलेली.

"भैया... कैसे दिए?"

आतून काका ओरडले, "घरात आहेत मटार."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. घेतले.

पुढच्या मे महिन्यात ती खोली बाकीच्या घराइतकीच तापली, जास्त नाही. आमच्या धंद्यात याला यश म्हणतात. आता पेन्सिल हातात घेण्याआधी मी खोलीत बसणाऱ्या माणसाशी बोलते. घरातल्या बाकीच्यांशी नंतर.